त्रास काहीच नाही, मग बीपीची गोळी कशाला?

प्रश्न: मी येळ्ळूरचा, वय ४४, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. कारखान्यातल्या तपासणी शिबिरात बीपी १५८/९८ निघालं. आठवड्यानं डॉक्टरांना दाखवलं, तिथं १५२/९६ भरलं. त्यांनी टेल्मिसार्टन ४० ची गोळी लिहून दिली आहे. मी अजून सुरू केलेली नाही. मला त्रास काहीच नाही, आणि एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही म्हणतात. मीठ कमी करून, चालून भागेल काय? हार्टला खरंच धोका आहे काय? वडलांना ५८ व्या वर्षी लकवा मारला होता.

उत्तर:

वडलांची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत, मी ती आधी घेतो. लकवा मारायच्या आधी त्यांना बीपी होतं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असं विचारलं की बहुतेक घरांतून उत्तर येतं, "छे ओ, काहीच नव्हतं, ठणठणीत होते." त्याचा अर्थ इतकाच की कुणी मोजलं नव्हतं. मेंदूतली रक्तवाहिनी बहुधा एका रात्रीत खराब होत नाही. वर्षानुवर्षं जास्त दाबाचा मार खाते आणि मग एक दिवस फुटते किंवा तुंबते. ती सगळी वर्षं माणूस शेतात राबत असतो, पोरांची लग्नं लावत असतो, आणि त्याला काही म्हणता काही होत नसतं. तुम्ही आज त्याच वर्षांत आहात. "मला काय बी होईना झालंय, मग गोळी कशाला?" हे मी रोज ऐकतो. गोळी आजच्या त्रासासाठी दिलेलीच नसते. तुमचं ५८ वं वर्ष वडलांसारखं जाऊ नये म्हणून ती आहे.

आपल्याकडं बीपी ओळखायची एक घरगुती रीत आहे. मान धरली, डोकं जड झालं की बीपी वाढलं. डोळ्यापुढं अंधारी आली की बीपी 'लो' झालं, मग मीठ-साखरेचं पाणी. ही रीत सोडून द्या. मान धरते ती बऱ्याचदा मणक्यामुळं, नाहीतर उशीमुळं. उलट १९०/११० बीपी असलेली बाई माझ्यासमोर बसून सुनेचं गाऱ्हाणं खणखणीत आवाजात सांगत असते आणि चेहऱ्यावरून काडीचाही अंदाज येत नाही. बीपी यंत्राशिवाय कळत नाही, डॉक्टरलासुद्धा नाही.

तेव्हा आधी ते नीट मोजायचं. शिबिरात कसं मोजतात हे मला ठाऊक आहे. शिफ्ट सुटलेली असते, माणसं रांगेत उभी असतात, हातात चहाचा कप असतो. शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधतात, हात खाली लोंबकळतोय, शेजारचा "माझं किती आलं रे" विचारतोय आणि आपण त्याला उत्तर देतोय. यातली एकेक गोष्ट आकडा पाच-दहानं फुगवू शकते. लघवीला लागलेली असतानासुद्धा बीपी जास्त भरतं. म्हणून शिबिरातला १५८ मी एकटा धरत नाही. पण दवाखान्यात पुन्हा १५२ आलंय, हे सोडून देण्यासारखं नाही.

घरी एक आठवडा मोजा. मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. घेताना दंडाचा घेर टेपनं मोजून जा. फाउंड्रीत काम करणाऱ्याचा दंड जाड असतो आणि साधा पट्टा बहुधा ३२ सेंटीमीटरपर्यंतच नीट बसतो. त्याहून जाड दंडाला तो पट्टा आवळला तर बीपी नसलेल्यालाही बीपी दिसतं. दुकानदाराला मोठा पट्टा मागा, मिळतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू काही नको. लघवी करून या. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकलेले, मांडी घालून नको, पायावर पाय नको. पाच मिनिटं गप्प बसा. मोबाईलही बाजूला ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅप बघत शांत बसता येत नाही. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. जास्त आलं म्हणून चौथ्यांदा, पाचव्यांदा मोजून त्यातला गोड आकडा तेवढा लिहायचा, असं करू नका. सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. रात्रपाळी असेल तर झोपून उठल्यावर आणि कामावर जायच्या आधी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजून बघा आणि ज्या हाताचं जास्त भरेल तोच हात पुढं कायम धरा.

घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर तुम्हाला बीपी आहे, संपला विषय. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला धरतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली. म्हणून एक डॉक्टर "आहे" म्हणतो आणि दुसरा "बघूया" म्हणतो, तेव्हा दोघांपैकी एक अडाणी आहे असं समजायचं कारण नाही. तुमचे आकडे मात्र कुठल्याही रेघेच्या वरच आहेत. घरी मोजल्यावर १२५ आलं तर आनंद आहे. दवाखान्यात डॉक्टर समोर दिसला की काहींचं बीपी उसळतं, त्यातले तुम्ही ठराल आणि अधूनमधून मोजत राहाल. तसं होईल असं मला वाटत नाही. आणि या आठवड्याचा महिना होऊ देऊ नका.

आता हार्टचं. हृदय दिवसाला साधारण लाखभर ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यानं रक्त पुढं ढकलायचं असतं. पुढं दाब जास्त असेल तर त्या कप्प्याला प्रत्येक वेळी जास्त जोर लावावा लागतो. तालमीत जोर-बैठका मारून पैलवानाचा दंड जसा भरतो, तसा हा कप्पाही जाड होत जातो. पैलवानाला ते शोभतं, हृदयाला नाही. जाड झालेला स्नायू ताठ होतो, दोन ठोक्यांच्या मध्ये नीट सैल पडत नाही, म्हणून त्यात रक्त पुरेसं भरत नाही. त्याला स्वतःला रक्त जास्त लागतं, आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्याच दाबानं आतून खराब होत असतात. मग कधी चढावर दम लागतो, कधी ठोके बेताल पडतात, कधी सरळ हार्ट अटॅक येतो. ईसीजीत आणि टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ही जाडी दिसते. बीपी ताब्यात आलं की ती बऱ्याच जणांत काही प्रमाणात उतरतेही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण "आता झालं ते झालं" म्हणून लोक हात टेकतात. किडनी आणि डोळ्याचा पडदा यांचीही हीच गत होते, फक्त ती आणखी गुपचूप होते.

धोका किती, तर ४० ते ६९ वयाच्या माणसांत ११५/७५ च्या पुढं वरचा आकडा दर २० नं किंवा खालचा दर १० नं वाढला की हृदयविकारानं किंवा मेंदूच्या झटक्यानं मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. सुमारे दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये हे मांडलं गेलं. दुसरी बाजू अशी की वरचा आकडा गोळ्यांनी नुसता ५ नं उतरवला तरी असे मोठे झटके साधारण दहा टक्क्यांनी कमी होतात.

मीठ आणि चालणं यांवर भागेल काय, याचा हिशेब करू. मीठ खरोखर निम्म्यावर आणलं तर वरचा आकडा चार-पाचनं उतरतो. रोज नेमानं चाललात तर आणखी चार-पाच. वजन एक किलो उतरलं की साधारण एक. तुम्हाला १५५ वरून १३० च्या आसपास यायचं आहे. सगळं मनापासून केलंत तरी बारा-पंधरा उतरेल, आणि मनापासून केलेलं किती महिने टिकतं हे गणपती-दिवाळी झाल्यावर कळतं. तुमचं १४२/९० असतं, घरात कुणाला लकवा नसता, शुगरही तपासून ठीक निघाली असती, तर मी तीन महिने गोळीविना थांबलो असतो. तुमच्या बाबतीत थांबणार नाही. घरच्या वहीनं बीपी पक्कं केलं की गोळी सुरू करा आणि बाकीचंही त्याच दिवशी सुरू करा.

"एकदा लागली की सुटत नाही" हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यानंच जास्त नुकसान केलंय. गोळीची सवय लागत नाही. बीपी वाढायचा मूळ स्वभाव शरीरात राहतो आणि गोळीचा असर साधारण एका दिवसाचा असतो, म्हणून ती रोज घ्यावी लागते. वजन चांगलं दहा किलो उतरलं, मीठ खरंच कमी झालं, तर डोस कमी करता येतो, कधी कधी बंदही होतो. पण ते आकडे बघत, डॉक्टरच्या नजरेखाली. आमच्याकडं होतं ते वेगळंच. माणूस दोन-तीन महिने गोळी घेतो, १२८/८० येतं, आणि पुढच्या खेपेला येऊन सांगतो, "बीपी नॉर्मल आलंय की ओ डॉक्टर, म्हणून गोळी बंद केलो." अरे बाबा, तो १२८ गोळीनंच आणलेला! बंद केल्यावर दोन दिवस, चार दिवस काही वाटत नाही, म्हणून त्याला पटतं की आपण बरोबरच केलं. पंधरा-वीस दिवसांत आकडा होता तिथं परत येतो, आणि तो आल्याचंही कळत नाही, कारण त्रास तेव्हाही नसतो. आपल्या भागात लकवा मारून आलेल्यांच्या घरच्यांना विचारलं की ही "मध्ये गोळी बंद केली होती" गोष्ट फार वेळा निघते. कुणी सौंदत्तीच्या यात्रेला गेलेला असतो, कुणी ऊसतोडीच्या गडबडीत, कुणाची पट्टी संपलेली असते आणि पुढच्या बाजारी आणू म्हणून राहिलेलं असतं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या तर एकदम सोडल्या की बीपी आणि ठोके दोन्ही उसळतात, छातीत दुखूही शकतं. एकादशीला, सोमवारी, रोज्यात गोळी चालते काय असंही विचारतात. उपवासाला पाण्याबरोबर गोळी चालते. रोजा असेल तर वेळ डॉक्टरकडून सहरी किंवा इफ्तारवर बदलून घ्यावी.

सकाळी घ्यायची की रात्री, यावर पैजा लागतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात २०२२ मध्ये दिसलं की झटके टाळण्याच्या दृष्टीनं फरक पडत नाही. तुमच्या शिफ्टा बदलतात, तेव्हा घड्याळापेक्षा एखाद्या न चुकणाऱ्या गोष्टीला गोळी बांधा. उठल्यावर दात घासता ना, तिथंच ब्रशशेजारी पट्टी ठेवा.

मिठाबद्दल जरा लांबण लावतो, कारण आपल्या ताटात ते फार आहे आणि ते कुणाला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. हे घरी तपासायचा सोपा उपाय म्हणजे मिठाची किलोची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख घाला. चार माणसांच्या घरात ती पन्नास दिवस पुरली तर माणशी पाच ग्रॅम झालं. महिन्यात संपली तर माणशी आठच्या वर गेलं. आणि यात बाहेरून आलेलं मीठ धरलेलंच नाही. वर्षाचं लोणचं घालताना, सांडगे-पापड करताना लागतं ते वेगळं. हा हिशेब मी सांगितला की घरातली बाई आधी हसते आणि पुढच्या खेपेला स्वतःहून सांगते, "पंचवीस दिवसांत संपली ओ."

भाजी-आमटीतलं मीठ सगळ्यांना ठाऊक असतं. भाकरीबरोबरचा खर्डा, शेंगाची चटणी, लोणच्याची फोड, भाजलेला पापड, वर मीठ घातलेलं ताक यांचं कुणी धरत नाही. खानापूर भागात पावसाळ्यात सुकी मासळी, तिच्यात तर खच्चून मीठ. आणि शहरात बेकरी! बेळगावात बेकऱ्यांना तोटा नाही. खारी, बटर, टोस्ट, पाव गोड-अळणी वाटतात, पण त्यांत मीठ असतं. संध्याकाळचं भडंग आणि फरसाण तर उघडच आहे. सगळं एकदम बंद करा म्हटलं तर तुम्ही चार दिवस कराल आणि पाचव्या दिवशी माझ्या नावानं बोटं मोडाल. पहिल्या आठवड्यात ताटातलं वरून घ्यायचं मीठ उचला. दुसऱ्या आठवड्यात पापड आणि लोणचं यांतलं एकच, तेही रोज नको. मग भाजीतलं हळूहळू. जिभेला नवी चव अंगवळणी पडायला महिनाभर लागतो. आंबट असलं की मीठ कमी चालतं. लिंबू, आमसूल, चिंच, अंबाडीची भाजी आपल्याकडं आहेच. लसूण-मिरची कुणी बंद केलेली नाही. तिखटानं बीपी वाढत नाही, तिखटात घातलेल्या मिठानं वाढतं.

"भट्टीपुढं घाम गळतो, मीठ नको तर अंगात ताकद कुठनं येणार?" हे उद्यमबागेतल्या प्रत्येकाचं म्हणणं. घामातून मीठ जातं हे खरं. पण आपल्या रोजच्या जेवणातच गरजेहून कितीतरी जास्त आहे, त्यामुळं बहुतेकांना वरून भर लागत नाही, पाणी मात्र भरपूर लागतं. मिठाच्या गोळ्या, दिवसातून तीनदा खारं सरबत असलं काही सुरू असेल तर थांबवा. काम करताना चक्कर येते असं वाटलं तर तेव्हाचं बीपी मोजून डॉक्टरना सांगा, डोसचा विचार करावा लागेल. सैंधवानं बीपी वाढत नाही हा समज खोटा, तेही मीठच. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं मीठ मिळतं, ते उपयोगी आहे. चीनच्या खेड्यांतल्या मोठ्या अभ्यासात (२०२१) त्यानं झटके कमी झाले. पण किडनीचा आजार असलेल्यानं ते घेऊ नये. तुम्हाला दिलेली टेल्मिसार्टनसुद्धा पोटॅशियम वाढवते, तेव्हा तुम्हीही रक्त तपासून, विचारूनच घ्या.

तंबाखूचं तुम्ही काही लिहिलं नाही. खात असाल तर ते डॉक्टरपासून लपवू नका. निपाणी भागातून येणाऱ्या बायकांत मिशरीचं, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीचं, प्रमाण खूप आहे. तपासायला बसताना पदर तोंडाशी असतो, हो-नाहीची उत्तरं मानेनंच येतात, म्हणजे तोंडात मिशरी आहे. तेव्हाच मी पट्टा बाजूला ठेवतो. चूळ भरून अर्धा तास बाहेर बसायला सांगतो. परत मोजलं की कितीतरी जणींचा आकडा उतरलेला असतो. दिवसातून पाच-सहा वेळा मिशरी लावणाऱ्या बाईचं हृदय पाच-सहा वेळा तसं पिटाळलं जातं. बीपी आणि तंबाखू दोन्ही असतील तर रक्तवाहिन्यांना दुहेरी मार बसतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट दुखण्याच्या गोळ्यांची. कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घ्यायची पद्धत कामगारांत फार आहे. या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या गोळ्यांचा असर मारतात आणि टेल्मिसार्टनबरोबर किडनीवर ताण आणतात. दोन गोळ्या देऊनही बीपी उतरत नाही म्हणून आलेल्या माणसाला मी आधी "कंबरेला काय घेता?" हेच विचारतो. दुखलंच तर पॅरासिटॅमॉल मापात घ्या. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही बीपी वाढवतात, आणि घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळायची सवयही.

चालण्याचं फार सांगत नाही. आठवड्याला अडीच तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीनं. कारखान्यातली ये-जा आणि ओझी उचलणं यात धरू नका. तुमच्या घरामागं राजहंसगड आहे, पण बीपी १५० च्या वर असताना पहिल्याच दिवशी तो धावत चढायला जाऊ नका. सपाटीवरून सुरुवात करा. पावसात घरात, व्हरांड्यात चाला. दारू असेल तर ती बीपी वाढवते, 'थोडीशी' असली तरी. रात्री जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर डॉक्टरना जरूर सांगा, झोपेत श्वास अडकण्यानंही बीपी चढतं आणि गोळ्यांना दाद देत नाही.

झाडपाल्याबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. लसूण जेवणात खा, पण ती गोळीच्या जागी नाही. सर्पगंधेची गोष्ट मात्र वेगळी. ती खरंच बीपी उतरवते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर निबंध लिहिला आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष आपल्या या मुळीकडं गेलं. पुढं तिच्यातलं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढून गोळ्या झाल्या. त्या मागं पडल्या, कारण मन खचतं, नाक चोंदतं, आणि त्यांच्याहून सोपी औषधं आली. म्हणजे ती मुळी औषध आहे आणि औषधासारखेच तिचे दुष्परिणामही आहेत. कुणी आणून दिलेली पूड टेल्मिसार्टनबरोबर गुपचूप सुरू करणं हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार.

टेल्मिसार्टन साधारणपणे सोसणारी गोळी आहे. पूर्ण असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा आठवड्यात उतरलं नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. महिन्यानं दाखवा. आकडा १४०/९० च्या खाली तर आलाच पाहिजे, सोसत असेल तर तुमच्या वयाला १३०/८० च्या खाली. एका गोळीनं भागलं नाही तर अ‍ॅम्लोडिपिन किंवा क्लोरथॅलिडोनची जोड देतात. बऱ्याच जणांना दोन लागतात, त्याचा अर्थ आजार हाताबाहेर गेला असा नाही. अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या घोट्याला सूज येते. रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. असं झालं तर गोळी बदलता येते, फक्त स्वतःहून सोडू नका. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्ही घ्यायची नाही आणि तुमची घरात कुणाला द्यायची नाही. विशेषतः दिवस गेलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईला टेल्मिसार्टन चालत नाही, पोटातल्या बाळाला ती घातक आहे.

आपल्या सीमाभागाची एक खास अडचण आहे. माणूस एकदा बेळगावात दाखवतो, पाहुण्यांकडं गेला की गडहिंग्लजला, मुलगा कोल्हापूरला असला तर तिथंही. दोन ठिकाणची दोन नावं, दोन रंगांची पाकिटं, आणि आत दोन्हींत टेल्मिसार्टनच! माणूस इमानेइतबारे दोन्ही घेतो आणि मग उठताना तोल जातो. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते बघा. बघता येत नसेल तर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरपुढं ओता. जनऔषधी केंद्रात हीच औषधं स्वस्त मिळतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत देतात. फुकटची म्हणून ती कमी ताकदीची नसते.

घरी कधी १८० च्या वर दिसलं आणि त्रास काही नसेल तर पाच-दहा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. गोळी चुकली असेल तर घ्या आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दाखवा. घाबरून जिभेखाली बीपी झटकन उतरवणारी कॅप्सूल फोडायची नाही, बीपी धाडकन खाली आणलं तर मेंदूचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. पण छातीत दाबल्यासारखं होणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक न दिसणं यातलं काहीही झालं, तर आकडा कितीही असो, १०८ ला फोन करा आणि सिटी स्कॅन असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आधी तेल चोळू, आधी अमुक गावचं लकव्याचं औषध पाजू, यात ते साडेचार तास जातात. वडलांच्या वेळी काय झालं हे तुम्हालाच ठाऊक.

गोळी सुरू करण्याआधी लघवी, रक्तातली शुगर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायला), सोडियम-पोटॅशियम आणि एक ईसीजी एवढं करून घ्या. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम गोळी सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांनी परत. पोटॅशियम कमी निघालं किंवा तीन गोळ्यांनीही बीपी उतरलं नाही, तर किडनी आणि तिच्यावरच्या ग्रंथी तपासाव्या लागतात, ते तेव्हाचं तेव्हा. मशीन घरी आलंच आहे तर आठवडाभरात भावा-बहिणींनाही बसवून त्यांचं मोजा, वडील त्यांचेही आहेत. घरातली कर्ती बाई स्वतःचं सगळ्यात शेवटी मोजते किंवा मोजतच नाही, तेव्हा वहीत एक पान तिच्या नावानंही घाला.